कन्सोल प्रोग्रॅममध्ये अक्षरांचा रंग बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कन्सोल किंवा टर्मिनल म्हणजे नुसता मजकूर दाखवणारी खिडकी. तिथे रंग अक्षरांना नसतो, कन्सोलच्या त्या क्षणीच्या स्थितीला असतो. प्रोग्रॅम फक्त 'यापुढे लाल' असा निरोप पाठवतो. निरोप कळणारं कोणी समोर असलं तर पुढचं सगळं लाल उमटतं. नसलं तर निरोपच अक्षरांसारखा छापला जातो. आणि 'आता पुरे' असं सांगायचं राहिलं, तर प्रोग्रॅम संपल्यावरही लाल रंग तसाच राहतो. खालच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथेच आहे.

या पानावरचा कोड देवनागरीत का दिसतो? तसाच टाइप करायचा का?

नाही. वाचायला सोपं जावं म्हणून फंक्शनची नावं, अक्षरं आणि अंक देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमनमध्येच करायचे. रंगाच्या कोडातले अंकसुद्धा इंग्रजी (1, 2, 3 असे) हवेत, देवनागरी ३१ टर्मिनलला आकडा वाटतच नाही. कोडाच्या शेवटी येणारा 'एम' नेहमी लहान लिपीतला. 'एस्केप' असं जिथे लिहिलंय तिथे एस्की या अक्षरक्रमांकांच्या तक्त्यातलं २७ क्रमांकाचं एकच अक्षर समजायचं, शब्द नव्हे.

टर्बो सी मध्ये टेक्स्टकलर(रेड) दिलं, तरी अक्षरं करडीच येतात. का?

कारण पुढे प्रिंटएफ वापरलंय. कॉनिओ हेडरमधलं टेक्स्टकलर फक्त त्याच घरातल्या फंक्शन्सना लागू होतं: सीप्रिंटएफ, सीपुट्स, पुटच. प्रिंटएफचं आउटपुट स्टँडर्ड आउटपुटमधून डॉसकडे जातं आणि डॉसला टेक्स्टकलरचा पत्ताच नसतो. तेव्हा रंग हवा असलेल्या ओळीत प्रिंटएफच्या जागी सीप्रिंटएफ लिहा.

ते लिहिल्यावर दुसरी गंमत दिसते: ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत उतरतात. सीप्रिंटएफ '\एन'चा अर्थ 'फक्त खाली उतर' असा घेतं, 'डाव्या कडेला जा' असं त्यात येत नाही. म्हणून तिथे '\आर\एन' असं दोन्ही द्यावं लागतं.

मागचा रंग बदलायचा असेल तर टेक्स्टबॅकग्राउंड आधी, सीएलआरएससीआर नंतर. पडदा पुसताना तो चालू मागच्या रंगाने पुसला जातो, त्यामुळे क्रम उलटा झाला तर फक्त अक्षरांमागच्या पट्ट्या रंगतात आणि बाकी पडदा काळाच राहतो.

तोच प्रोग्रॅम कोडब्लॉक्समध्ये चालवला तर टेक्स्टकलर सापडत नाही अशी एरर येते. हेडर तर दिलंय!

हेडर आहे, पण त्यात ते फंक्शन नाही. विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यू कंपायलरच्या कॉनिओमध्ये गेटसीएच, केबीहिट अशी मोजकी फंक्शन्स आहेत. टेक्स्टकलर, गोटूएक्सवाय, सीएलआरएससीआर ही टर्बो सी काढणाऱ्या बोरलँड कंपनीची स्वतःची भर होती, सी भाषेच्या प्रमाणात ती कधीच नव्हती. लिनक्सवर तर कॉनिओ हेडरच नाही, त्यामुळे पहिल्याच ओळीला एरर येते.

आपल्याकडे अनेक कॉलेजांत वर्षानुवर्षं टर्बो सी प्लस प्लस ३.० वर प्रॅक्टिकल होत आली आणि हा कंपायलर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, डॉससाठीचा आहे. जर्नल त्यावर लिहायचं असेल तर डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) खुशाल चालवा. पण नवं काही लिहिताना टर्बो सीचं टेक्स्टकलर कसंतरी परत आणणारी जुनीपानी हेडरं शोधत बसू नका. खाली दिलेले एस्केप कोड शिकायला अर्धा तास लागतो आणि ते आज जवळजवळ सगळीकडे चालतात.

१४ म्हणजे पिवळा, १ म्हणजे निळा, हे आकडे कुठून आले?

पीसीच्या टेक्स्ट मोडमधून. ८० रकाने आणि २५ ओळी, म्हणजे २००० घरं. प्रत्येक घराला मेमरीत दोन बाइट: एक अक्षराचा, एक रंगाचा. एकूण ४००० बाइट.

रंगाच्या बाइटचे खालचे चार बिट अक्षराचे: निळा १, हिरवा २, लाल ४, उजळपणा ८. वरचे चार मागच्या रंगाचे. लाल ४ अधिक हिरवा २ मिळून ६, त्यात उजळपणाचे ८ घातले की १४, म्हणजे पिवळा. निळ्यावर पिवळं हवं असेल तर १४ + (१ × १६) = ३०. टर्बो सीमध्ये टेक्स्टअ‍ॅट्र(३०) दिलं की दोन्ही रंग एकदम बसतात. हेक्समध्ये हाच आकडा १ई, आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'कलर १ई' लिहिलं की तेच दिसतं. चाळीस वर्षांपूर्वीची मांडणी अजून तशीच्या तशी चालू आहे.

उजळपणा नसलेला पिवळा, म्हणजे ६, तपकिरी का? हिशेबाने तो मळकट पिवळा यायला हवा. आयबीएमच्या रंगीत मॉनिटरमध्ये नेमक्या याच आकड्यासाठी हिरवा कमी करणारी जोडणी केली होती, म्हणून तो तपकिरी झाला आणि टर्बो सीतही त्याचं नाव ब्राउनच पडलं.

सर्वांत वरचा बिट, १२८, डॉसमध्ये अक्षर लुकलुकवण्यासाठी राखलेला होता. म्हणून तिथे मागचे रंग आठच. विंडोजच्या कन्सोलमध्ये तोच बिट मागचा रंग उजळ करतो, त्यामुळे मागचेही सोळा मिळतात.

सिस्टिम("कलर ०ए") दिलं तर आधी छापलेलंही सगळं हिरवं होतं. एकच ओळ रंगवता येत नाही का?

या आज्ञेने नाही. 'कलर' ही पूर्ण पडदा रंगवणारी आज्ञा आहे, आधीची अक्षरं धरून. पहिला अंक मागचा, दुसरा अक्षराचा. दोन्ही सारखे दिले, उदाहरणार्थ ४४, तर ती काहीच करत नाही. त्यातून दर वेळी नवं कमांड प्रॉम्प्ट उघडून बंद होतं, म्हणून लूपमध्ये घातली तर प्रोग्रॅम रांगतो. एका ओळीसाठी पुढचा प्रश्न पाहा.

विंडोजवर सी किंवा सी प्लस प्लसमध्ये एकच शब्द रंगवायचा तर नेमकं काय लिहायचं?

दोन वाटा आहेत. जुनी वाट विंडोजच्या फंक्शनची:

१. विंडोज हेडर घ्या.
२. गेटस्टडहँडल ला स्टँडर्ड आउटपुटचा स्थिरांक देऊन हँडल मिळवा.
३. गेटकन्सोलस्क्रीनबफरइन्फो ने आत्ताचा रंग वाचून एका चलात ठेवा.
४. सेटकन्सोलटेक्स्टअ‍ॅट्रिब्यूट(हँडल, १२) दिलं की उजळ लाल.
५. छापा.
६. ठेवलेला जुना आकडा त्याच फंक्शनला परत द्या.

तिसरी पायरी बरेच जण गाळतात आणि शेवटी सरळ ७ देतात. ज्याने आपलं कन्सोल पांढऱ्यावर काळं करून घेतलंय, त्याच्याकडे मग प्रोग्रॅम संपल्यावर काळी ठिगळं उरतात.

इथे एक खोच आहे. रंग बदलण्याची आज्ञा थेट कन्सोलला जाते, पण छापायचा मजकूर बफरमध्ये (छापण्याआधी तो साठतो त्या मेमरीत) अडकलेला असू शकतो. सी प्लस प्लसमध्ये वेगासाठी सिंक_विथ_स्टडआयओ(फॉल्स) केलं असेल तर असं सहज होतं: 'नापास' लाल यायला हवं, पण तो शब्द बफरमधून बाहेर पडेपर्यंत रंग पुन्हा साधा झालेला असतो. उपाय एकच, रंग बदलणाऱ्या प्रत्येक ओळीआधी फ्लश, म्हणजे बफर लगेच रिकामा करणं. एफफ्लश(एसटीडीआउट) किंवा सीआउट << फ्लश.

दुसरी वाट एस्केप कोडांची. त्यात रंगाचा निरोप मजकुराच्याच रांगेतून जातो, त्यामुळे ही पुढेमागे होण्याची भानगडच उरत नाही. आज नवीन प्रोग्रॅम लिहिताना हीच वाट धरावी.

एस्केप कोड म्हणजे काय?

एस्केप अक्षर, डावा चौकटी कंस, अर्धविरामाने वेगळे केलेले आकडे आणि शेवटी 'एम'. लाल अक्षरासाठी एस्केप[३१एम, पूर्ववत करण्यासाठी एस्केप[०एम. ही पद्धत ईसीएमए-४८ या प्रमाणात पहिल्यांदा १९७६ साली आली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या एएनएसआय संस्थेनेही तसंच प्रमाण काढलं, म्हणून सगळे याला 'अ‍ॅन्सी कोड' म्हणतात. या कोडांचा प्रसार करणारं व्हीटी१०० टर्मिनल स्वतः मात्र एकरंगीच होतं.

अक्षराचे आठ रंग ३० ते ३७: काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, जांभळट मॅजेन्टा, आकाशी, पांढरा. मागच्या रंगासाठी त्यात १० मिळवा, म्हणजे ४० ते ४७. उजळ छटा ९० ते ९७, मागच्या उजळ १०० ते १०७. ठळक १, फिकं २, अधोरेखित ४, उलट रंग ७. मघाचं निळ्यावर पिवळं इथे एस्केप[९३;४४एम असं होतं.

पूर्ण पुसायचं नसेल तर ३९ ने फक्त अक्षराचा रंग मूळचा होतो, ४९ ने फक्त मागचा, २२ ने ठळक आणि फिकं दोन्ही जातं, २४ ने अधोरेखन.

विंडोजच्या ४ ला लाल, मग ३४ निळा कसा?

बिटांचा क्रम उलटा आहे. डॉस-विंडोजमध्ये निळा १ आणि लाल ४; एस्केप कोडांत लाल १ आणि निळा ४. जुना प्रोग्रॅम नव्या पद्धतीत आणताना ३० मध्ये जुना आकडा मिळवून मोकळे झालात तर लाल-निळ्याची आणि पिवळ्या-आकाशीची अदलाबदल होते. काळा, हिरवा, मॅजेन्टा आणि पांढरा मात्र बरोबर येतात, त्यामुळे चूक पटकन डोळ्यांत भरत नाही.

रंगाऐवजी चिन्हंच छापली जातात. काय चुकलं?

नेमकं काय छापलं गेलं ते नीट पाहा, त्यावरून कारण कळतं.

डावा बाण आणि पुढे [३१एम दिसलं: एस्केप अक्षर बरोबर गेलंय, पण कन्सोलने ते आज्ञा म्हणून घेतलं नाही. जुन्या पीसीच्या अक्षरसंचात २७ क्रमांकाला डाव्या बाणाचं चित्र आहे, तेच दिसतंय. विंडोजवर एस्केप कोड चालू करायचे राहिलेत. कसे करायचे ते पुढच्या प्रश्नात.

ई[३१एम दिसलं, बाण नाही: स्रोतात '\ई' लिहिलंय आणि कंपायलरला ते कळलेलं नाही. '\ई' ही जीसीसी कंपायलरची स्वतःची सवलत आहे. मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर इशारा देऊन नुसतं 'ई' ठेवतो. '\०३३' किंवा '\एक्स१बी' लिहा.

\०३३[३१एम जसंच्या तसं, बॅकस्लॅशसकट दिसलं: स्ट्रिंगमधलं एस्केप उलगडलंच गेलं नाही. शेलमध्ये '-ई' न देता इको वापरलं की हे होतं. इकोचं वागणं शेलगणिक बदलतं. बॅशमध्ये चाललेली स्क्रिप्ट दुसऱ्या शेलमध्ये '-ई' सुद्धा छापून दाखवते. शेलमध्ये सरळ प्रिंटएफ वापरा, तो सगळीकडे सारखा वागतो.

चौकोनी डबा दिसला: समोर टर्मिनलच नाही, एखाद्या संपादकाची आउटपुट खिडकी आहे. पायथनच्या आयडलमध्ये हेच होतं. तोच प्रोग्रॅम खऱ्या टर्मिनलमधून चालवून पाहा.

विंडोजवर एस्केप कोड चालू कसे करायचे?

विंडोज १० च्या आधीच्या कन्सोलला हे कोड कळतच नव्हते. आता कळतात, पण प्रोग्रॅमने आधी परवानगी मागावी लागते. गेटकन्सोलमोड ने चालू मोड वाचा, त्यात ४ हा बिट 'ऑर' करा आणि सेटकन्सोलमोड ने परत द्या. त्या बिटाचं नाव एनेबल_व्हर्च्युअल_टर्मिनल_प्रोसेसिंग. जुन्या मिनजीडब्ल्यूच्या हेडरमध्ये हे नाव नसतं. तसं असेल तर स्वतः ४ असं डिफाइन करा.

सेटकन्सोलमोड अयशस्वी झालं तर रंग बंद ठेवून पुढे जा. 'माझ्या लॅपटॉपवर चालतं' यावर विसंबू नका: आधी चाललेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमने बिट चालू ठेवला असला, तर तुमच्या प्रोग्रॅमला तो आयताच मिळालेला असतो. पायथनमध्ये रिकामी सिस्टिम("") हाक मारली की रंग सुरू होतात, ती युक्ती याच प्रकारातली. मधे उघडलेलं कमांड प्रॉम्प्ट बिट चालू करून जातं. घरच्या स्क्रिप्टला ठीक, दुसऱ्याला द्यायच्या प्रोग्रॅममध्ये नको.

पायथनसाठी कलरामा हे पॅकेज हेच काम नीट करतं. त्यातलं जस्ट_फिक्स_विंडोज_कन्सोल() एकदा सुरुवातीला पुरे.

वेगवेगळ्या भाषांमध्ये एस्केप अक्षर कसं लिहायचं?

सी, सी प्लस प्लस, पायथन, गो, जावा: '\०३३' चालतं. जावात '\यू००१बी' असंही लिहितात. जावास्क्रिप्ट आणि रस्टमध्ये '\एक्स१बी' लिहा. सी शार्पमध्ये कोडांच्या नादी लागायची गरज नाही: कन्सोल.फोरग्राउंडकलर ला रंग द्या आणि शेवटी कन्सोल.रीसेटकलर(). पॉवरशेलमध्ये राइट-होस्ट ला फोरग्राउंडकलर हा पर्याय आहे.

सीमध्ये एक सोय विसरू नका. शेजारी-शेजारी लिहिलेल्या दोन स्ट्रिंग कंपायलर स्वतः जोडतो. म्हणून लाल आणि साधा अशा नावांचे दोन मॅक्रो करून प्रिंटएफ(लाल "नापास" साधा "\एन") असं स्वच्छ लिहिता येतं, मधे प्रत्येक ठिकाणी आकडे पेरावे लागत नाहीत.

प्रोग्रॅम संपला, पण टर्मिनल लालच राहिलं.

एस्केप[०एम पाठवायचं राहिलं. बहुधा कोडात ते असतं, पण तिथपर्यंत प्रोग्रॅम पोचत नाही: मधेच रिटर्न, एक्सेप्शन किंवा कंट्रोल-सी. आत्तापुरतं लिनक्स किंवा मॅकवर 'टीपुट एसजीआर०' लिहा. अक्षरंच भलती दिसत असतील तर 'रीसेट'. आज्ञा टाइप करताना काही दिसत नसलं तरी टाइप करून एंटर दाबा.

कायमचा इलाज म्हणजे रंग, मजकूर आणि पूर्ववत कोड हे तिन्ही एकाच स्ट्रिंगमध्ये बांधून एकाच हाकेत छापणं. मग मधे थांबायला फटच फारशी उरत नाही. पायथनमध्ये ट्राय-फायनली चा उपयोग होतो. सीमध्ये अ‍ॅटएक्झिट (प्रोग्रॅम संपताना फंक्शन चालवायची सोय) लावणारे पुष्कळ असतात, पण कंट्रोल-सीने प्रोग्रॅम मारला गेला तर अ‍ॅटएक्झिटची फंक्शन्स चालत नाहीत. सिगइंटसाठी (कंट्रोल-सीने येणाऱ्या सिग्नलसाठी) वेगळा हँडलर हवा.

दोन थ्रेड किंवा एसटीडीआउट (नेहमीचं आउटपुट) आणि एसटीडीईआरआर (चुकांच्या संदेशांचं आउटपुट) एकत्र वापरतानाही हाच नियम. रंगाचा कोड एका प्रवाहात आणि मजकूर दुसऱ्यात गेला, तर लाल रंग भलत्याच ओळीला लागतो.

मागचा रंग दिला की कधीकधी पूर्ण ओळ पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत रंगते. कधी होतं, कधी नाही.

पडदा भरून वर सरकू लागला की होतं. खाली नवी ओळ उघडताना अनेक टर्मिनल ती चालू मागच्या रंगाने भरतात. पडद्यावर जागा शिल्लक असताना नवी ओळ भरावीच लागत नाही, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक दिसतं. '\एन' च्या आधी एस्केप[०एम द्या, नंतर नव्हे.

रंग दिल्यावर तक्त्याचे रकाने सरकतात.

कोड डोळ्यांना दिसत नसले तरी लांबीत मोजले जातात. एस्केप[३१एम चे ५ बाइट, एस्केप[०एम चे ४. रंगवलेला शब्द १२ च्या रकान्यात बसवायला सांगितलं तर त्यातले ९ कोडांनीच खाल्लेले असतात. आधी शब्द रिकाम्या जागा घालून रुंद करा, मग त्या रुंद केलेल्या स्ट्रिंगला रंग द्या. क्रम एवढा पाळला की झालं.

मराठी मजकुरात आणखी एक पदर आहे. सीमधलं प्रिंटएफ रुंदी बाइटमध्ये मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, मग 'नापास'मधल्या ५ चिन्हांचे (न, काना, प, काना, स) १५ बाइट होतात आणि १२ चा रकाना रिकामी जागा न देता संपतो. पायथन चिन्हं मोजतं, म्हणजे ५. पण पडद्यावर तो शब्द किती घरं घेईल हे टर्मिनलवर अवलंबून. अनुस्वार, उकार यांना वेगळं घर नसतं, कान्याबद्दल सगळी टर्मिनल एकमताची नाहीत. गुणपत्रकासारखा तक्ता रंगवायचा असेल तर मराठी नावाचा रकाना शेवटी ठेवा आणि आकडे आधी. नाव कितीही हललं तरी आकडे एका रेषेत राहतात.

आणि अक्षर व त्याची मात्रा यांच्या मधे रंगाचा कोड घालू नका. नुसती वेलांटी लाल करायला गेलात तर वेलांटी सुटी पडून तिच्याखाली ठिपक्यांचं वर्तुळ येऊ शकतं. रंग देताना पूर्ण जोडाक्षर हा सर्वांत लहान तुकडा धरा.

विंडोजवर मराठी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन येतात. रंगामुळे का?

रंगाचा संबंध नाही. प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं आली तर कोडपेज (कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर हे ठरवणारा तक्ता) बदला: 'सीएचसीपी ६५००१' किंवा प्रोग्रॅममध्ये सेटकन्सोलआउटपुटसीपी(६५००१). चौकोन आले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. जुन्या कन्सोल खिडकीत फॉन्ट असूनही जोडाक्षरं सुटी दिसतात, तेव्हा विंडोज टर्मिनल वापरून पाहा.

आउटपुट फाइलमध्ये वळवलं तर त्यात कचरा येतो.

तो कचरा म्हणजे तुमचेच रंगाचे कोड. फाइलला 'लाल' कळत नाही, ती मिळेल ते साठवते. प्रोग्रॅमने रंग पाठवण्याआधी समोर टर्मिनल आहे का हे विचारायला हवं: सीमध्ये आयझअटीटीवाय, पायथनमध्ये सिस.एसटीडीआउट.आयझअटीटीवाय(). उत्तर 'नाही' आलं तर रंगाच्या सगळ्या स्ट्रिंग रिकाम्या करून टाका. बाकी कोडाला हात लावायला नको. एसटीडीईआरआर वर छापत असाल तर चौकशीही त्याचीच करा, कारण वापरणाऱ्याने एकच प्रवाह वळवलेला असू शकतो.

याशिवाय नो_कलर नावाचा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल पाहा. २०१७ पासूनचा हा संकेत आहे: त्यात काहीही लिहिलेलं असलं, तरी रंग द्यायचा नाही. ग्रेप आणि एलएस मध्ये ऑटो, ऑलवेज, नेव्हर असे तीन पर्याय असतात. आपल्या प्रोग्रॅमलाही तसेच ठेवावेत. 'ऑलवेज' लागतो कारण कधी कधी आउटपुट लेसमध्ये (मजकूर पानापानाने दाखवणाऱ्या आज्ञेत) रंगासकट वाचायचं असतं. तिथे 'लेस -आर' (मोठा आर) द्यायचा.

आधीच खराब झालेली लॉग फाइल साफ करायची तर रेग्युलर एक्स्प्रेशनने एस्केप, चौकटी कंस, पुढे कितीही अंक व अर्धविराम आणि शेवटी एम, एवढं शोधून काढून टाका.

पायचार्मच्या रन खिडकीत रंग दिसतात पण आयझअटीटीवाय 'नाही' म्हणतं. तिथे रन कॉन्फिगरेशनमधला 'आउटपुट कन्सोलमध्ये टर्मिनलची नक्कल' हा पर्याय चालू करा.

भगवा रंग सोळांत नाही. कसा आणायचा?

२५६ रंगांच्या संचातून: एस्केप[३८;५;२०८एम. मागच्या रंगासाठी ३८ च्या जागी ४८.

२०८ कसा आला? पहिले १६ आकडे नेहमीचे रंग. १६ ते २३१ हा लाल, हिरवा, निळा यांच्या सहा-सहा पायऱ्यांचा संच आहे: १६ + ३६ × लाल + ६ × हिरवा + निळा, प्रत्येक ० ते ५. भगव्यासाठी लाल ५, हिरवा २, निळा ०, म्हणजे १६ + १८० + १२ = २०८. एक्सटर्म या टर्मिनलच्या मापाने पायऱ्या ०, ९५, १३५, १७५, २१५, २५५ अशा आहेत. पहिली उडी मोठी असल्याने गडद छटा या संचात कमी पडतात. २३२ ते २५५ करड्या रंगाच्या २४ छटा.

अगदी हवी तीच छटा हवी असेल तर एस्केप[३८;२;२५५;१५३;५१एम असे लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ आकडे थेट द्या. हे सगळीकडे चालत नाही. मॅकचं मूळ टर्मिनल कित्येक वर्षं २५६ वरच अडलेलं होतं. ज्याला ३८ कळत नाही असं जुनं टर्मिनल पुढचा ५ सुटा वाचतं आणि ५ म्हणजे लुकलुक. रंग न येता अक्षरं लुकलुकू लागली तर कारण हे.

ठळक केलं तर रंगच बदलतो.

काही टर्मिनल १ चा अर्थ 'ठळक' न घेता 'उजळ' घेतात. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये ते बदलता येतं. उजळ रंगच हवा असेल तर १;३१ ऐवजी सरळ ९१ द्या.

बॅशचा प्रॉम्प्ट रंगवल्यावर लांब आज्ञा टाइप केली की ती त्याच ओळीवर पुन्हा उमटू लागते.

बॅश प्रॉम्प्टची लांबी मोजताना रंगाचे कोडही धरतं आणि ओळ कुठे संपते याचा अंदाज चुकतो. पीएस१ (प्रॉम्प्ट ठरवणारं व्हेरिएबल) मध्ये प्रत्येक रंगाच्या कोडाआधी '\[' आणि नंतर '\]' घाला.

सीएलआरएससीआर आणि गोटूएक्सवाय यांच्या जागी काय?

पडदा पुसायला एस्केप[२जे, कर्सर कोपऱ्यात न्यायला एस्केप[एच. दोन्ही पाठवा, कारण पुसण्याच्या कोडाने कर्सर हलत नाही. जे आणि एच इथे मोठ्या लिपीत. ठरावीक जागी जायला एस्केप[ओळ;रकानाएच. गोटूएक्सवायमध्ये रकाना आधी येतो, इथे ओळ आधी. साप-शिडीचा जुना प्रोग्रॅम बदलताना पट आडवा पडला तर क्रम तपासा. मोजणी दोन्हीकडे १ पासूनच.

एनकर्सेस ही लायब्ररी कधी वापरायची?

मेनू, खिडक्या, बाणांच्या कळा असा पूर्ण पडद्याचा प्रोग्रॅम असेल तेव्हा. इनिटएससीआर, मग स्टार्ट_कलर, इनिट_पेअर ने अक्षर-मागचा अशी रंगाची जोडी, अ‍ॅटऑन ने ती चालू. छापायला प्रिंटडब्ल्यू; प्रिंटएफ मिसळलं की पडदा विस्कटतो. शेवटी एंडविन. कंपाइल करताना '-एलएनकर्सेस' विसरलं की लिंकरची एरर. दोन शब्द लाल करायला एवढा पसारा मांडू नये.

कोणते रंग टाळावेत?

काळ्यावर ३४ चा गडद निळा. विंडोजच्या जुन्या रंगसंचात तो (०, ०, १२८) होता आणि वाचताना डोळे फुटायची वेळ यायची; २०१७ च्या नव्या संचात तो (०, ५५, २१८) केला. निळाच हवा तर ९४. पांढऱ्यावर पिवळा आणि उजळ आकाशी दिसत नाहीत. समोरच्याचं कन्सोल काळं आहे की पांढरं हे तुम्हाला ठाऊक नसतं, म्हणून अक्षराला ३० किंवा ९७ देऊन मागचा रंग तसाच सोडू नका. एकतर दोन्ही द्या, नाहीतर अक्षराला ३९ ठेवा.

लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक कमी नाहीत. निकालाच्या यादीत नुसती ओळ लाल करून भागत नाही, 'नापास' हा शब्दही तिथे हवा. आउटपुट फाइलमध्ये वळवल्यावर रंग गेला, तरी तो शब्द तिथे राहतो.